वजन उतरले, पण गोळ्या थांबवू नका

आमच्या धर्मग्रामातील एक संत्राबागायतदार गृहस्थ गेल्या हिवाळ्यात रात्रीच्या लाइटीवर बागेला ओलीत करीत होते. धुऱ्यावरून चालताना एका पायातली चप्पल निघून मागे राहिली आणि ते तसेच वीस-पंचवीस पावले पुढे गेले. वाटेत काटा रुतला, तोही कळला नाही. घरी आल्यावर ओटीवरच्या दिव्याखाली बाईंनी पाहिले तो फरशीवर रक्ताचे ठिपके. "तुमची एक चप्पल कुठी गेली?" असे त्यांनी विचारले, तेव्हा कोठे गृहस्थांनी खाली पाहिले.

त्यांचे नाव आम्ही देत नाही. हकीकत छापायची परवानगी त्यांनी व घरच्यांनी दिली आहे. या हकीकतीत आमचाही दोष आहे, म्हणून ती आम्हीच लिहिणे बरे.

चार वर्षांपूर्वी या गृहस्थांचे वजन १२८ किलो होते. साखरेचा आजार जुना, गुडघे गेलेले, रात्री झोपेत श्वास अडकायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया सुचविली. घरात बरीच रडारड झाली, एक एकर गहाण पडले आणि शस्त्रक्रिया पार पडली. वर्षभरात वजन ८४ किलोवर आले. साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनीच बंद केल्या. रविवारी मिस्सा सुटल्यावर अंगणात लोक त्यांच्याभोवती जमू लागले. एके दिवशी ते आम्हाला म्हणाले, "फादर, आता मले काईच होत नाही. साखर नाही, बी. पी. नाही. मंग ह्या ताकदीच्या गोळ्या कायले खाऊ?" आम्ही हसलो आणि म्हणालो, औषधाची सवय सुटली तर चांगलेच आहे. पुढे उपवासकाळ आला. त्यांनी चाळीस दिवस अंडी, मासे, मटण सारे सोडले आणि गोळ्यांची बाटलीही कपाटात ठेवून दिली. ती त्यानंतर उघडलीच नाही. आम्ही त्यांचा संयम पाहून चार लोकांत पाठ थोपटली.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, वैद्यक शिकलो नाही. ज्यातले कळत नाही त्यात आम्ही बोललो, आणि फादर म्हणतात म्हणून ते ऐकले गेले. त्याची किंमत त्यांच्या पायांनी मोजली. त्यानंतर आम्ही डॉक्टरांकडे बसून जे विचारून घेतले व वाचून काढले, ते आज या पानावर मांडीत आहो.

आपल्याकडे बरे होणे याचा अर्थ औषध सुटणे असा आहे. ताप, खोकला, जखम यांच्या बाबतीत तो बरोबरही आहे. ज्याच्या गोळ्या चालू आहेत तो आजारी, ज्याच्या सुटल्या तो धडधाकट, असा हिशेब सारे गाव करते. आमचे स्पष्ट मत असे की, शस्त्रक्रिया केलेल्या माणसाच्या गोळ्या त्याच्या आळसाने जितक्या सुटतात त्याहून अधिक आपल्या कौतुकाने सुटतात. म्हणून ज्यांच्या घरी अशी शस्त्रक्रिया कोणी केलेली नाही, त्यांनीही हे वाचावे.

शस्त्रक्रियेत होते काय, ते आधी पाहू. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले होते की, व्रणामुळे ज्यांचे जठर बरेचसे कापावे लागते ती माणसे पुढे लठ्ठ होत नाहीत. त्यावरून त्यांनी १९६६ साली वजनासाठी बायपास शस्त्रक्रिया केली. आपल्या बाजूला हे नाव सर्वसामान्यांच्या कानी आले ते २०११ साली, नागपूरचे नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा. आता पांढुर्णा-सौंसरचे लोकही नागपूरला जाऊन ती करवून घेतात. तिचे दोन प्रकार मुख्य आहेत. एकात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी उरते. दुसऱ्यात, म्हणजे बायपासमध्ये, जठराच्या वरच्या टोकाची अंड्याएवढी पिशवी करून ती लहान आतड्याला खालच्या बाजूस जोडतात. अन्न मूळ जठरात आणि आतड्याच्या पहिल्या भागात जातच नाही.

बागायतदाराला हे समजावणे सोपे आहे. विहिरीपासून निघालेला पाट पहिल्या चार ओळींना वळसा घालून एकदम पाचव्या ओळीला नेऊन सोडला, तर पाणी बागेत जाते, पण पहिल्या चार ओळी कोरड्या राहतात. आतड्याच्या त्या पहिल्या भागातच लोह आणि कॅल्शियम प्रामुख्याने रक्तात शोषले जाते. भाजी कितीही हिरवी असो, तिच्यातले लोह त्या ओळींना शिवतच नाही.

ब-१२ जीवनसत्त्वाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. भाजीपाला व धान्यातून ते मिळत नाही. अन्नातून ते सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते. सुटे झाल्यावर जठरातच तयार होणारा एक विशेष पदार्थ त्याला धरतो, आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊन शोषली जाते. जठर कापले किंवा वगळले की आम्लही कमी आणि तो पदार्थही कमी. मग ताटात अंडे असूनही अंड्यातले ब-१२ अंगी लागत नाही.

आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत असेच होते. संत्र्याच्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा पडतो, नवी पाने बारीक आणि टोकदार येतात. जमिनीत जस्त नसते असे नाही, पण चुनखडीमुळे मुळ्यांना ते उचलता येत नाही. अशा वेळी कास्तकार आणखी शेणखत टाकून वाट पाहत बसत नाही. १०० लिटर पाण्यात अर्धा किलो झिंक सल्फेट आणि पाव किलो चुना घालून तो नव्या नवतीवर फवारणी करतो, म्हणजे मुळ्यांची वाट टाळून जस्त थेट पानाला देतो. ब-१२ चे इंजेक्शन हीच फवारणी समजा. गोळीचेही तसेच. माणसाला दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, पण शस्त्रक्रियेनंतर गोळी देतात ती बहुधा पाचशे किंवा हजार मायक्रोग्रॅमची. नेहमीची वाट बंद असली तरी गोळीचा शेकडा एक भाग आतड्यातून आपोआप झिरपतो आणि तेवढ्यावर भागते. "एवढ्या ताकदीची गोळी अंगात उष्णता करील" ही भीती निराधार आहे. आणि फवारणी एका बहाराला करून सोडून चालत नाही, जमीन तीच राहते, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे!

यात एक फसवे असे आहे. ब-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो काही वर्षे पुरतो. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच महिन्यात माणूस कोसळला असता तर कोणी गोळ्या सोडल्या नसत्या. तो कोसळतो दोन-तीन वर्षांनी, तेव्हा शस्त्रक्रियेची आठवणही कोणी काढीत नाही. पायाला मुंग्या येतात, तळवे गादीवर चालल्यासारखे वाटतात, अंधारात तोल जातो, विसराळूपणा वाढतो, जीभ लाल व गुळगुळीत होते. लोक म्हणतात वय झाले, थंडी लागली, नस दबली. आमच्या गृहस्थांना तर दोन ठिकाणी मालिशच सांगितली होती.

त्यात आपला साठा मुळातच तोकडा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही ठिकाणच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. त्याचा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे दोनतृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी निघाले. आपण ख्रिस्ती माणसे मांसाहारी म्हणून निश्चिंत असतो. पण शेतकऱ्याच्या घरी मटण येते रविवारी किंवा सणाला, आणि दूध जाते डेअरीला. त्यातून साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी गॅसची गोळी वर्षानुवर्षे घेतली असेल, तर ब-१२ आणखी घटते. लठ्ठ माणूस म्हणजे भरलेले कोठार, ही समजूत खोटी आहे. चरबीचे कोठार भरलेले असते आणि जीवनसत्त्वांचे रिकामे असू शकते.

रक्त कमी आहे, मग सरकारी दवाखान्यातली लोहाची गोळी घेतो, असे काही भगिनी म्हणतात. ती गोळी चांगली आहे. तिच्यात लोह आणि फोलिक आम्ल असते. या फोलिक आम्लाचा इतिहास आपल्या मुंबईतलाच आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रिया पांढऱ्याफटक पडून का मरतात, याचा शोध घेऊ लागल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचे काम चाले. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे साधे मार्माइट, दिल्याने या स्त्रियांचे रक्त भरून येते असे त्यांना दिसले, आणि १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे पुढे ओळखले गेलेले फोलिक आम्ल. पण त्याने ब-१२ ची जागा भरून निघत नाही. उलट, ब-१२ ची उणीव असताना नुसते फोलिक आम्ल घेतले तर रक्त सुधारलेले दिसते, चेहऱ्यावर तजेला येतो, आणि आत मज्जातंतूंची नासाडी चालूच राहते. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्याने नुसत्या लोहाच्या गोळीवर विसंबू नये.

आता जे सांगतो ते कृपया दोनदा वाचा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सारखी उलटी होऊ लागली, पोटात काही ठरेना, तर आपण काय करतो? जवळच्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावतो. अशक्त दिसला की ग्लुकोजची बाटली, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. पण ब-१ नावाच्या जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. खाणे नगण्य आणि वर उलट्या, अशा स्थितीत तो संपतो. अशा माणसाला ब-१ न देता नुसते ग्लुकोज चढविले, तर उरलेसुरले ब-१ ते ग्लुकोज जाळण्यातच खर्च होते आणि मेंदूला इजा पोहोचू शकते. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसते, बुबुळे नीट फिरत नाहीत, माणूस असंबद्ध बोलतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात चालतो. गावात अशा माणसाला कोणी दवाखान्यात नेत नाही, मोहाची प्याला असेल म्हणतात! वेळेवर ब-१ शिरेतून दिले तर माणूस सावरतो, उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. तेव्हा डॉक्टर कोणताही असो, दारात पाऊल टाकताच पहिले वाक्य हे बोला, "यांचे वजनाचे ऑपरेशन झाले आहे, उलट्या इतक्या दिवसांपासून आहेत, ग्लुकोजच्या आधी ब-१ द्यायचे का?" डॉक्टर रागावले तरी चालेल. आणि नागपूरच्या ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथे त्याच दिवशी फोन करा, कारण जोडाची जागा आवळल्यानेही उलट्या होतात.

गोळ्या कोणत्या व किती, हे ज्याचे त्याचे डॉक्टर रक्त पाहून ठरवतील. साधारण रीत अशी, की सर्व जीवनसत्त्वे व खनिजे असलेली एक गोळी रोज, ब-१२ गोळीने रोज किंवा इंजेक्शनने महिन्याला, कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम दोन-तीन वेळा विभागून, सोबत ड जीवनसत्त्व, आणि लोह. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांना व बायपास झालेल्यांना लोह अधिक लागते. कॅल्शियम सायट्रेट या रूपातले असेल तर कमी आम्लातही शोषले जाते. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नयेत, ती एकमेकांच्या आड येतात, दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये, लिंबूपाणी चालते. उन्हात राबणाऱ्याला ड जीवनसत्त्व कशाला, असे कोणी विचारील. रक्त तपासा आणि मग विचारा, एवढेच उत्तर देतो.

ताटाविषयी. पहिले काही आठवडे पातळ, मग घोटलेले, मग मऊ अन्न, हा क्रम रुग्णालयातून लिहून देतात, तो तंतोतंत पाळावा. आमचा आग्रह त्यानंतरच्या जन्मभराच्या ताटाविषयी आहे. पोटात जागा दोन-चार घासांची, तेव्हा पहिला घास प्रथिनांचा असावा. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने सांगतात. आपले पातळ वरण त्या कामाचे नाही, त्यात पाणीच फार. दोन अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरणातून तेवढेच, पेलाभर दूध किंवा दही यातून ७-८, मूठभर फुटाण्यांतून ५-६, आणि १०० ग्रॅम मासा किंवा कोंबडी यातून २० च्या वर मिळतात. बेरीज करून पाहा, ६० सहज होत नाहीत, ठरवून करावे लागतात. शाकाहारी असाल तर पनीर, सोयाबीनच्या वड्या, मोड आलेली मटकी यांचा आधार घ्या. ज्वारीची भाकर चांगलीच, पण तिचा नंबर दुसरा. एरवी भाकरीने पोट भरायचे आणि वरण ओले करण्यापुरते, ही आपली सवय नेमकी उलटी करायची आहे. प्रथिने कमी पडली तर चरबीबरोबर मांसही झडते, आणि वखर धरणाऱ्याच्या दंडात मग काय राहील?

घास लहान, चावणे सावकाश, जेवण वीस मिनिटांहून आधी संपू नये. जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट-घोट प्यावे. वावरात काम करताना मात्र बाटली जवळ हवी, कारण एकदम तांब्याभर पाणी आता पोटात मावत नाही आणि चैत्र-वैशाखात शरीर लवकर सुकते.

संत्र्यांविषयी विचारल्याशिवाय आमचे वाचक राहणार नाहीत. घरची बाग, आंबिया बहार तुटतो आहे, आणि खायचे नाही म्हणजे काय! खायचे, पण पहिल्या काही महिन्यांत नाही, कारण फोडीवरची साल आणि दोरे त्या अरुंद जागी अडकू शकतात. पुढे साल-दोरे काढून, नीट चावून दोन-चार फोडी खाव्या. रस मात्र टाळावा, विशेषतः बायपास झालेल्यांनी. पेलाभर गोड रस एकदम आतड्यात उतरला की अर्ध्या तासात छातीत धडधड, दरदरून घाम, चक्कर आणि जुलाब. पुरणपोळी, गुळाचा चहा, लग्नातला जिलेबीचा ताट यांनीही तेच होते. आणि संत्र्यात क जीवनसत्त्व भरपूर असले तरी ब-१२ मुळीच नाही, तेव्हा "घरी संत्री असताना गोळी कशाला" हे बोलणे बंद करावे.

पाहुणचाराबद्दल रागावूनच लिहावेसे वाटते. आग्रह करून वाढणे हे आपण प्रेम समजतो. पोळ्याला, गोटमारीला पाहुण्यांनी घर भरते, वांगे-रोडग्यांची पंगत बसते, आणि शस्त्रक्रिया झालेला माणूस दोन घासांत थांबला की सारी पंगत त्याच्या ताटाकडे पाहते. "एवढ्याने काय होते? आमच्याकडचे आवडले नाही का?" तो बिचारा भिडेखातर तिसरा, चौथा घास घेतो आणि मागच्या अंगणात जाऊन ओकतो. ज्या घरी तो जेवायला येईल त्या घरच्या बाईने त्याच्या ताटात आधी अंडे किंवा घट्ट वरण वाढावे आणि पुढे गप्प बसावे.

मोहाची, देशी, विदेशी, कोणतीही दारू या माणसाला पूर्वीच्या निम्म्या मात्रेत चढते आणि अधिक वेळ राहते. काही माणसे शस्त्रक्रियेपूर्वी कधीतरी घेत, नंतर तिच्या आहारी गेली, असेही आढळले आहे. खर्रा, बिडी हेही सोडावे, कारण धुराने जोडाच्या जागी व्रण होतात. फवारणी करून अंग दुखले की दुकानातून आणायच्या वेदनाशामक गोळ्याही बायपास झालेल्यांना तसाच व्रण करतात. कोणती गोळी चालेल ते आधी विचारून, लिहून ठेवावे.

आता उपवासाबद्दल, कारण येथे बोलण्याचा आम्हाला अधिकारही आहे आणि कर्तव्यही. राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार या दिवशीचा उपवास अठरा वर्षांपासून साठीला लागेपर्यंतच्या निरोगी माणसांना आहे. आजाऱ्याला त्यातून सूट आहे, आणि ज्याच्या पोटाची रचनाच बदलली त्याला या बाबतीत निरोगी समजू नये. मांसवर्जनाच्या दिवशी वर्ज्य असते ते मांस. अंडी आणि दूधदुभते वर्ज्य नाही असे पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली स्पष्ट केले, आणि मासे तर पूर्वीपासून चालतात. चाळीस दिवस अंडी-मासे सोडण्याचा नवस कोणी शस्त्रक्रियेनंतर केला असेल, त्याने आमच्याकडे यावे, आम्ही तो बदलून दुसरे काही देऊ. आपल्याकडे करण्यासारखे पुष्कळ आहे. शेजाऱ्याशी धुऱ्याचे भांडण मिटवणे हे अंडे सोडण्याहून कठीण आहे. गोळ्या सोडणे हा उपवास नव्हे आणि तो आम्ही कोणालाही सांगणार नाही.

तरुण भगिनींसाठी दोन शब्द. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भ राहू नये असे डॉक्टर सांगतात, कारण त्या काळात आईचेच पोषण अपुरे असते. वजन उतरल्यावर दिवस राहणे सोपे होते, ज्यांना वर्षानुवर्षे मूल नव्हते त्यांनाही. तेव्हा सासूबाईंनी घाई करू नये. दिवस राहिलेच तर पहिल्याच तपासणीला शस्त्रक्रियेचा कागद दाखवावा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, त्याने घाबरू नये, बहुधा परत येतात. पुढेही गळतच राहिले तर प्रथिने, लोह, जस्त तपासावे.

खर्चाची बाजू आम्ही विसरलो नाही. या गोळ्यांचा महिन्याचा खर्च कापसाचा किंवा संत्र्याचा भाव पडलेल्या वर्षी जड जातो, आणि घरात काटकसर सुरू झाली की पहिली काट ज्याला दुखत नाही त्याच्या औषधावर बसते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच हा हिशेब मांडावा. शस्त्रक्रियेला पैसा उभा करताना पुढील गोळ्यांचा व तपासण्यांचा पैसा धरला नसेल, तर अजून शस्त्रक्रियेची वेळ आली नाही असे आम्ही म्हणू. पैसा वाचवायचा तर जनऔषधी दुकानात त्याच औषधाचे स्वस्त रूप मिळते का ते डॉक्टरांना विचारून पाहावे. आणि रक्ततपासणी चुकवू नये. पहिल्या वर्षी तीन-चार वेळा, मग वर्षातून एकदा, हयातभर. आपण मातीचा नमुना तपासायला देतो, मग याला काय हरकत?

एक कागद मात्र प्रत्येकाने करावा. शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या तारखेला, कोठे झाली, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणत्या चालत नाहीत, आणि रुग्णालयाचा फोन. एक प्रत आधार कार्डाबरोबर पाकिटात, दुसरी घरात सर्वांना ठाऊक असलेल्या जागी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रविवारी मिस्सेनंतर कार्यालयात यावे, आम्ही लिहून देऊ.

आमच्या गृहस्थांना नागपूरला ब-१२ ची इंजेक्शने सुरू झाली, आधी एका दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. चार महिन्यांत तोल सुधारला, अंधारात भिंत धरावी लागत नाही. तळव्यांची बधिरता अर्धीअधिक गेली. अंगठे अजून मेलेलेच आहेत आणि ते तसेच राहतील असे डॉक्टर म्हणाले. ओलीत करायला ते आता बूट घालून जातात आणि सोबत मुलगा असतो. गोळ्यांची बाटली कपाटातून निघून चुलीजवळ, मिठाच्या डब्याशेजारी आली आहे. त्यांची पुढची रक्ततपासणी पोळ्यानंतर आहे. त्या दिवशी आम्हालाही नागपूरला काम आहे, सकाळच्या गाडीने बरोबरच जाऊ.